उगम नको, आकडा सांगा

बोर्डाच्या कोपऱ्यावर आता हिरवं पान छापलेलं असतं. प्लायवूड असो, पार्टिकल बोर्ड असो की एमडीएफ, जगभरच्या बाजारात नवा दावा आलाय: आमचा बाइंडर वनस्पतीपासून बनवलेला. सोयाबीन, टॅनिन, लिग्निन, काजूच्या टरफलाचं तेल. पान बघून गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजतं. त्या बोर्डातून हवेत काय सुटतं, ते कोण मोजतं?

पानाची गरज का पडली, ते आधी पाहू.

एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू, पार्टिकल बोर्ड म्हणजे चुरा, प्लाय म्हणजे पापुद्रे. हे सगळं एकत्र धरून ठेवतं तो बाइंडर, म्हणजे रेझिन. गेली कित्येक दशकं त्यासाठी युरिया-फॉर्माल्डिहाइड वापरलं जातंय. स्वस्त, बिनरंगी, गरम प्रेसमध्ये मिनिटांत पक्कं होणारं. एमडीएफच्या वजनात त्याचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. कारखान्यात त्याची खोट दिसत नाही. ती घरी गेल्यावर दिसते.

ओल आणि उष्णता मिळाली की हे रेझिन हळूहळू उकलतं आणि फॉर्माल्डिहाइड वायू सोडत राहतं. पहिले काही महिने जास्त, मग कमी, पण वर्षानुवर्षं. नव्या कपाटाचं दार उघडल्यावर डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. त्याला आपण कौतुकानं 'नव्या फर्निचरचा वास' म्हणतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली फॉर्माल्डिहाइडला पहिल्या गटात टाकलं. पहिला गट म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा. आधी नाकामागच्या घशाचा कर्करोग, पुढे रक्ताचाही. घरातल्या हवेसाठी याच संघटनेनं २०१० साली मर्यादा सांगितली: एका घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम, अर्ध्या तासाची सरासरी. तुमच्या बेडरूममध्ये हा आकडा किती आहे, हे बिल्डर सांगणार नाही. इंटिरियरवालाही नाही.

अमेरिकेत हे चव्हाट्यावर आलं ते वादळानंतर. २००५ साली कट्रिना आलं, लाखो लोक बेघर झाले, सरकारनं त्यांना चाकांवरची घरं दिली. भिंती, कपाटं, पलंग, सगळं स्वस्त बोर्डाचं. थोड्याच दिवसांत खोकला, डोकेदुखी, नाकातून रक्त येण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. २००७-०८ च्या हिवाळ्यात सरकारी आरोग्य यंत्रणेनं अशी ५१९ घरं तपासली. सरासरी अब्जात ७७ भाग फॉर्माल्डिहाइड, एखाद्या घरात ५९०.

आणि हे थंडीतलं मोजमाप होतं.

कायदेही आले. जपाननं २००३ मध्येच बांधकाम कायदा कडक करून बोर्डांना ताऱ्यांची प्रतवारी लावली होती. चार तारे म्हणजे सर्वांत कमी उत्सर्जन. कॅलिफोर्नियानं २००७ मध्ये नियम मंजूर केले, अमेरिकेनं २०१० मध्ये देशभराचा कायदा केला. युरोपनं फर्निचर आणि लाकडी वस्तूंसाठी घनमीटरमागे ०.०६२ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली आणि तिच्या अंमलासाठी ६ ऑगस्ट २०२६ ही तारीख दिली. जुनी युरोपीय मर्यादा बरोबर याच्या दुप्पट होती. एवढी वर्षं जे 'सुरक्षित' म्हणून विकलं, ते आता निम्म्यावर आणायचंय.

म्हणून सोयाबीनची आठवण झाली.

तशी ही जुनीच ओळख. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचं प्लायवूड सोयाबीनच्या पिठानंच चिकटवत. पाणी लागलं की सुटायचं, बुरशी धरायचं, म्हणून त्यात क्लोरीनयुक्त फिनॉलसारखी बुरशीनाशकं मिसळत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कृत्रिम रेझिननं त्याला हुसकावलं. तेव्हाचा तो 'नैसर्गिक' बोर्ड आजच्या कुठल्याही आरोग्य तपासणीत टिकला नसता.

नव्या सोयाची गोष्ट जास्त चांगली आहे. ओरेगन राज्य विद्यापीठातले कायचांग ली समुद्रातल्या शिंपल्यांकडे बघत होते. भरती-ओहोटीत, लाटांच्या माऱ्यात शिंपला खडकाला चिकटून राहतो तो स्वतःच्या प्रथिनाच्या जोरावर. मग सोयाच्या प्रथिनाला तशी ताकद का देता येऊ नये? त्यांनी ती दिली. एका मोठ्या प्लायवूड कंपनीनं युरिया-फॉर्माल्डिहाइड सोडून ते वापरलं आणि २००७ साली या कामाला अमेरिकी सरकारचा हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळाला. फॉर्माल्डिहाइड नुसत्या लाकडातून जेवढा सुटतो, जवळपास तेवढ्यावर आला. हा खरा विजय आहे, आणि तो मान्य न करणारा माणूस रसायनशास्त्राशी अप्रामाणिक आहे.

पण सोया एकटा पाण्यापुढे टिकत नाही. त्याला जोडीदार लागतो. ली यांच्या पद्धतीत तो जोडीदार म्हणजे कागद ओला झाला तरी फाटू नये म्हणून वापरतात तसलं एक रेझिन, आणि ते बनतं एपिक्लोरोहायड्रिनपासून. एपिक्लोरोहायड्रिन स्वतः 'बहुधा कर्करोगकारक' या गटात आहे. पक्क्या झालेल्या बोर्डात ते जवळपास सगळं बांधलं गेलेलं असतं, त्यामुळे घरात राहणाऱ्यानं घाबरायचं कारण नाही. ज्या कारखान्यात ते रेझिन शिजतं, तिथल्या कामगारानं काय करायचं?

त्याच्यासाठी पान छापत नाहीत.

आता टॅनिन. वॅटल नावाच्या बाभळीच्या जातभाईची साल. दक्षिण आफ्रिकेत या टॅनिनचे बोर्ड अर्ध्या शतकापासून बनतात. आपल्याकडे नीलगिरीत ही झाडं रान माजल्यासारखी वाढली आहेत. टॅनिन चांगलं धरतं, पाण्यालाही बऱ्यापैकी दाद देत नाही. फक्त ते घट्ट करायला बऱ्याचदा पॅराफॉर्माल्डिहाइड किंवा हेक्झामाइन घालतात. पॅराफॉर्माल्डिहाइड हे फॉर्माल्डिहाइडचंच घन रूप. हेक्झामाइन बनतं फॉर्माल्डिहाइड आणि अमोनियापासून, आणि तापलं की परत त्याच दोघांत मोडतं. टॅनिन त्यातलं बरंच पकडून ठेवतं, म्हणून उत्सर्जन कमी असतं. कमी म्हणजे किती? साल सांगून ते कळत नाही, चाचणी केली तरच कळतं.

लिग्निनचं तर आणखी सोपं. कागद कारखान्यातला हा उरलेला माल फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिनमधल्या फिनॉलच्या जागी टाकतात. कोकणातल्या आणि गोव्यातल्या काजूच्या टरफलातून निघणारं तेलही तसंच. त्यातलं कार्डानॉल फिनॉलचं काम करतं. बेंगळुरूच्या प्लायवूड संशोधन संस्थेत यावर काम झालं आहे. काजू कारखान्याला जास्तीचा पैसा, आयात फिनॉलला पर्याय, दोन्ही उत्तम. पण बदली फिनॉलची झाली. फॉर्माल्डिहाइड खुर्चीवर तसाच बसलाय.

तरीही अशा बोर्डातून तो कमी सुटतो, हे खरं. कारण फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचे बंध मुळातच पाण्यानं सहजी तुटत नाहीत. मरीन प्लायमध्ये ते वर्षानुवर्षं वापरात आहेत. काम जुन्या रसायनाचं, श्रेय काजूला.

यापुढची पायरी ऐका. फॉर्माल्डिहाइड बनतो मिथेनॉलपासून. मिथेनॉल आता जैवकचऱ्यापासूनही बनवता येतं. म्हणजे शंभर टक्के वनस्पतीजन्य फॉर्माल्डिहाइड बनू शकतो. रेणू तोच, गटही पहिलाच. शेतातून आला म्हणून तो फुप्फुसाला ओळख दाखवणार आहे का?

वनस्पतीचा वाटा किती हे तपासायची पद्धतही आहे, आणि ती पक्की आहे. कार्बन-१४ मोजतात. ताज्या वनस्पतीत तो असतो, खनिज तेलात नसतो. अहवाल येतो: यातला इतका टक्के कार्बन वनस्पतीचा. हवामानासाठी ही माहिती महत्त्वाची आहे. पण बोर्डाचा नव्वद टक्के भाग मुळात लाकूडच. त्यामुळे युरिया-फॉर्माल्डिहाइडनं भरलेला सगळ्यात स्वस्त एमडीएफसुद्धा या परीक्षेत पहिला वर्ग मिळवतो.

उसाच्या चिपाडांचा बोर्ड महाराष्ट्राला नवा नाही. लाकूड वाचतं, साखर कारखान्याला जोडधंदा मिळतो, शेतकऱ्याला अभिमान वाटतो. वाटावाच. फक्त चिपाडं कशानं चिकटवली, हा प्रश्न त्या अभिमानात बुडता कामा नये.

याच चिपाडांतून फरफ्युरल निघतं, त्यापासून फरफ्युरिल अल्कोहोल, आणि त्याचंही रेझिन होतं. पूर्ण ऊस. हे अल्कोहोल 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' असलेल्या गटात आहे. त्या गटाचा अर्थ लगेच धोका असा होत नाही. पण ऊस म्हटलं की चौकशी संपली, असंही होत नाही.

मग लाकूड तरी धुतल्या तांदळासारखं आहे का?

नाही. कुठलंही रेझिन न लावलेलं लाकूडही थोडा फॉर्माल्डिहाइड सोडतं. पाइनमधून टर्पिन सुटतात. तो सुगंध आपल्याला आवडतो, पण हवेतल्या ओझोनशी गाठ पडली की त्यातूनही फॉर्माल्डिहाइड आणि बारीक कण तयार होतात. ओकसारख्या लाकडातून ॲसिटिक आम्ल निघतं. संग्रहालयवाले ओकच्या कपाटात शिशाच्या वस्तू ठेवत नाहीत, कारण त्या पांढऱ्या पडून झिजतात. शिशाची नाणी सांभाळणाऱ्यांना कपाटाची हवा कळते, माणसं सांभाळणाऱ्यांना कळत नाही.

सोयाबीनला जो हिरवट, कच्चट वास येतो तो मुख्यतः हेक्झानलचा. वनस्पतीतल्या तेलाशी हवेतला ऑक्सिजन झगडला की ते तयार होतं. लाकडातही हेच घडतं, तेलयुक्त बाइंडरमध्येही घडतं. त्यामुळे फॉर्माल्डिहाइड खाली आला तरी एखाद्या वनस्पतीजन्य बोर्डातून सुटणाऱ्या वायूंची एकूण बेरीज वर जाऊ शकते. हेक्झानल आणि फॉर्माल्डिहाइड एका मापानं मोजू नयेत. पहिल्याचा मुख्य त्रास वासाचा, दुसऱ्याचा गंभीर. पण 'आमच्या बोर्डातून काहीच सुटत नाही' असं कुणी म्हणालं, तर त्या माणसाकडून बोर्ड घेऊ नका.

'फॉर्माल्डिहाइड घातलेला नाही' हा अमेरिकेतला एक अधिकृत वर्ग आहे. चांगला वर्ग आहे. त्यात सोया बसतो, पांढरा पीव्हीए गम बसतो आणि एमडीआय नावाचं आयसोसायनेटही बसतं. आयसोसायनेट पक्कं झालं की घरात शांत. कारखान्यात मात्र त्याची वाफ किंवा फवारा श्वासात गेला तर कामगाराला कायमचा दमा जडू शकतो. एकाच वर्गात सोयाबीन आणि आयसोसायनेट शेजारी बसतात, कारण वर्गाचं नाव काय घातलं नाही ते सांगतं.

काय घातलं, ते सांगत नाही.

आता आपल्या मुळावर येणारी गोष्ट. उत्सर्जनाचे हे आकडे मुख्यतः काचेच्या नाहीतर पोलादी खोलीत मोजतात. युरोपात २३ अंश सेल्सिअस, अमेरिकेत २५. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास. हवा ठरल्या वेगानं बदलत राहते.

नागपूरचा मे महिना आठवा. रत्नागिरीचा जुलै आठवा.

तापमान साधारण सात-आठ अंशांनी वाढलं की युरिया-फॉर्माल्डिहाइडच्या बोर्डातलं उत्सर्जन दुपटीच्या घरात जातं. वरून आर्द्रता. तेवीस अंशांना पास झालेला बोर्ड विदर्भात वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत काय करत असेल? कोकणात भिंतीला ओल आलेली, कपाटाची पाठ त्या भिंतीला टेकलेली, आणि पाठीला लॅमिनेट लावलेलं नाही, कारण 'मागून कोण बघतंय'. नाक बघतं.

वनस्पतीजन्य बाइंडरचा खरा कस इथं लागायला हवा. फॉर्माल्डिहाइड नसेल तर दुपटीची भीती नाही, हा त्याचा मोठा गुण. पण प्रथिनाचा बाइंडर चार महिने दमट हवेत बुरशी न धरता टिकतो का? टिकवायला त्यात काय घातलंय? ओरेगनची परीक्षा पास होणं म्हणजे संगमेश्वरची परीक्षा पास होणं नव्हे. आपल्या हवेतल्या चाचण्या आपणच मागायच्या आहेत.

आणि पॉलिश?

समजा, तुम्ही निर्धारानं चांगला बोर्ड आणला. महाग होता, तरी आणला. सुतारानं काम केलं. मग पॉलिशवाला आला आणि त्यावर मेलामाइन पॉलिश मारून गेला. आम्ल घालून पक्कं होणारं हे पॉलिश स्वतःच फॉर्माल्डिहाइड सोडतं. मागच्या दारानं घालवलेला पाहुणा पुढच्या दारानं आत, आणि त्याला आपणच दोन हात लावून घेतले. कडा चिकटवायला रबरी सोल्यूशन वापरलं असेल तर त्याचे सॉल्व्हंट वेगळे.

मग मुहूर्त. शुक्रवारी पॉलिश, रविवारी वास्तुशांत, सोमवारपासून एसी लावून खिडक्या बंद. सर्वांत जास्त वायू सुटतो तो याच पहिल्या दिवसांत. सर्वांत लहान फुप्फुसं असतात ती मुलांच्या खोलीत, आणि एकूण घरात दाटीवाटीनं सगळ्यात जास्त बोर्ड त्याच खोलीत: पलंग, अभ्यासाचं टेबल, खेळण्यांचे कप्पे, भिंतभर वॉर्डरोब. पंधरा दिवस खिडक्या उघड्या ठेवून थांबलं तर कुठला मुहूर्त रुसणार आहे?

या सगळ्यात ज्याचं नाव कुठल्याच लेबलवर येत नाही तो सुतार. आपल्याकडे कारखाना म्हणजे तुमचा फ्लॅटच. हॉलमध्ये कटर फिरतो, धूळ छतापर्यंत जाते, शेजाऱ्यांनी तक्रार करू नये म्हणून दार बंद, तोंडाला फार तर रुमाल. तो राहतोही बहुतेक तिथेच, त्याच भुशात जेवतो आणि झोपतो. लाकडाची धूळ १९९५ सालापासून पहिल्या गटात आहे, फॉर्माल्डिहाइडच्याही नऊ वर्षं आधी. नाकाचा आणि नाकाशेजारच्या पोकळ्यांचा कर्करोग.

ती धूळ शंभर टक्के वनस्पतीजन्य असते.

दुकानात गेलात की 'ई-झिरो' ऐकू येईल. युरोपच्या ज्या मानकातून ही भाषा आली, त्या ईएन १३९८६ मध्ये वर्ग दोनच आहेत: ई-१ आणि ई-२. ई-झिरो त्यात नाही. काही कंपन्या त्यामागे खरा, कमी आकडा देतात. काही नुसताच शून्य देतात. फरक ओळखायचा एकच उपाय, चाचणीचा कागद.

आपली मानकं आहेत. एमडीएफला आयएस १२४०६, पार्टिकल बोर्डाला आयएस ३०८७, साध्या प्लायला आयएस ३०३, मरीनला आयएस ७१०. केंद्र सरकारनं अशा मालासाठी आयएसआय मार्कच्या सक्तीचे आदेशही काढले. हे पाऊल योग्यच आहे. पण मार्क पाहून ग्राहकाला कळतं की बोर्ड पास झाला. किती गुणांनी, ते कळत नाही. औषधाच्या पट्टीवर मिलिग्रॅम छापतात, बिस्किटाच्या पुड्यावर साखर छापतात. ज्या पलंगावर मूल दहा-दहा तास श्वास घेतं, त्याच्या बोर्डावर उत्सर्जनाचा आकडा छापायला काय हरकत आहे? यमुनानगरच्या आणि पेरुम्बावूरच्या प्लायवूड कारखान्यांना प्रेसचं तापमान मोजता येतं, तर हेही जमेल. परदेशी जाणाऱ्या मालाला बऱ्याचदा उत्सर्जनाची चाचणी द्यावीच लागते.

वनस्पतीजन्य बाइंडर यायलाच हवा. शेतातलं, कारखान्यात वाया जाणारं, टरफलातलं, सालीतलं जे काही उपयोगी पडेल ते पडू दे. त्यासाठी संशोधनाला पैसा द्या, कर कमी करा. फक्त त्याची परीक्षा तीच घ्या जी युरिया-फॉर्माल्डिहाइडची घेता. नात्यातला उमेदवार म्हणून पेपर सोपा नको.

आणि तुम्ही, म्हणजे येत्या दिवाळीला किचन नाहीतर बेडरूम करून घेणारे. दुकानदाराला पान किती हिरवं आहे ते विचारू नका. विचारा: फॉर्माल्डिहाइड किती, एकूण वायू किती, किती अंशांना आणि किती आर्द्रतेला मोजलं, बाइंडर घट्ट करायला काय वापरलं. उत्तर लेखी मागा. नसेल तर दुसरं दुकान गाठा. बोर्डाच्या चारही कडा आणि पाठ लॅमिनेटनं झाकून घ्या. मेलामाइनऐवजी पाण्यात मिसळणारं पॉलिश मागा. आणि काम सुरू व्हायच्या आधी सुताराला आणि त्याच्या हेल्परला धुळीचा चांगला मास्क आणून द्या, कटिंग गॅलरीत करायला सांगा. दोन मास्कचा खर्च एका हँडलपेक्षा कमी येतो.